बॉम्बर दारात आणून उभे केले की धाक बसतो का? दिएगो गार्सिया, ग्वाम आणि 1948ची बी-29

रात्रपाळी (धागाकर्ता)

2025च्या एप्रिलमध्ये दिएगो गार्सियाच्या धावपट्टीचे उपग्रहावरून काढलेले फोटो सगळीकडे फिरत होते, ते बहुतेकांनी पाहिले असतील. शेपूट नसलेली काळी बी-2 विमानं, एकूण सहा. अमेरिकेकडे ही विमानं उरलीत 19. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ताफा हिंदी महासागरातल्या एका बेटावर आणून ठेवला. ज्या विमानाचं सगळं मोल रडारला न दिसण्यात आहे, ते कोणीही पैसे भरून फोटो विकत घ्यावा असं उघड्यावर ऊन खात उभं होतं. हा गलथानपणा नव्हता, दाखवायलाच आणलं होतं. प्रेक्षक तेहरानमध्ये बसलेले होते आणि ओमानच्या मध्यस्थीने इराणच्या अणुकार्यक्रमावर बोलणी सुरू व्हायच्या बेतात होती.

पुढे मे महिन्यात ती बी-2 घरी गेली, त्यांच्या जागी बी-52 आली. आणि 22 जूनला फोर्दो या इराणच्या भूमिगत अणुकेंद्रावर बॉम्ब पडले ते कुठल्या विमानांनी? मिझुरी राज्यातल्या व्हाइटमन तळावरून निघालेल्या सात बी-2 विमानांनी. वाटेत हवेतच इंधन घेत सुमारे 18 तासांनी ती इराणवर पोचली, प्रत्येकी 30 हजार पौंडांचे 14 बॉम्ब फोर्दो आणि नतांझवर टाकले आणि परत मिझुरीत उतरली. त्याच सुमारास आणखी काही बी-2 मुद्दाम पश्चिमेकडे, पॅसिफिकमधल्या ग्वाम या अमेरिकेच्या बेटाच्या दिशेने सोडली होती. विमानांचा माग ठेवणाऱ्या हौशी मंडळींनी "ग्वामला निघाली, ग्वामला निघाली" म्हणून गलका केला, आणि मारणारी विमानं गुपचूप पूर्वेकडून गेली.

माझं म्हणणं एवढंच, की दाखवायची विमानं वेगळी असतात आणि मारायची वेगळी. लांब पल्ल्याचा बॉम्बर पुढच्या तळावर आणून ठेवणं हे मुख्यतः बोलण्याचं काम आहे. पाणबुडी दिसत नाही, म्हणून ती बोलत नाही. क्षेपणास्त्र एकदा सुटलं की परत बोलावता येत नाही. बॉम्बर तेवढा आणता येतो, मिरवता येतो, सीमेजवळून फिरवता येतो आणि चहा थंड व्हायच्या आत "नेहमीचाच सराव होता" म्हणून परतही नेता येतो.

ही युक्ती जुनीच आहे. 24 जून 1948ला रशियाने बर्लिनची नाकेबंदी केली. जुलैमध्ये ट्रुमनने साठेक बी-29 इंग्लंडला धाडली, लेकनहीथ, मारहॅम, स्कॅम्प्टन वगैरे तळांवर. वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला. हिरोशिमाला जाऊन तीनच वर्षं झालेली, त्यामुळे बी-29 म्हटलं की काय आठवायचं ते जगाला न सांगता आठवलं. प्रत्यक्षात त्यातल्या एकाही विमानात अणुबॉम्ब अडकवण्याची सोय नव्हती. तशी विमानं न्यू मेक्सिकोत रॉसवेलच्या तुकडीकडे होती आणि ती जागची हलली नाहीत. गंमत म्हणजे त्या काळात वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीत अणुविषयक कामकाज बघणारा डोनाल्ड मॅक्लीन हा रशियाचाच हेर होता. मॉस्कोला आतली गोष्ट कळली असेल की नाही, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा. नाकेबंदी 12 मे 1949ला उठली. पण ती हवाई पुरवठ्यामुळे उठली की बी-29मुळे, यावर इतिहासकार अजून भांडतात.

दुसरं टोक ग्वामचं. 2004 ते एप्रिल 2020 अशी सोळा वर्षं अमेरिकेने तिथल्या अँडरसन तळावर बॉम्बरांचा मुक्काम मोडू दिला नाही. बी-52, बी-1, बी-2 आलटूनपालटून. एक तुकडी निघाली की दुसरी हजर. 13 एप्रिल 2020ला तिथे मोठी मिरवणूक झाली: पाच बी-52, सहा टँकर (हवेत इंधन देणारी विमानं), टेहळणीची ड्रोन, सगळी एकामागोमाग धावपट्टीवर. फोटो प्रसिद्ध झाले. आणि त्याच आठवड्यात ती पाच बी-52 नॉर्थ डकोटातल्या मायनॉटला परत गेली, नवी तुकडी आलीच नाही. यापुढे आम्ही कधी, कुठे, किती येऊ ते सांगणार नाही, असं नवं धोरण. 1 मेला टेक्ससहून चार बी-1 ग्वामला हजरही झाली.

तर जाणकारांनी सांगावं: कायम दिसत राहणं जास्त धाकाचं की अचानक उगवणं?

निवांत नाना

मस्त धागा. वाचतोय.

गणपतीत आमच्या चौकात राखीव दलाची गाडी उभी करतात. पहिल्या वर्षी पोरं दबकून होती. तिसऱ्या वर्षी त्याच गाडीच्या सावलीत पत्ते खेळत बसली. ग्वामचं हेच झालं असणार.

खवट खोबरं

नाना, पण गाडी हलवली त्या वर्षी काय झालं तेही सांगा की.

निवांत नाना

त्या वर्षी ढोल रात्री दोनपर्यंत वाजले. मुद्दा मान्य 😀

मिझुरीकर

व्हाइटमनपासून गाडीने तासाभरावर राहतो. कॅन्सस सिटीच्या फुटबॉल सामन्यांना बी-2 स्टेडियमवरून जातं तेव्हा आधी काहीच ऐकू येत नाही, माना वर झाल्या की मग आवाज येतो. तळावर काय चालतं यातलं मला काही माहीत नाही आणि माहीत असतं तरी इथे लिहिलं नसतं, पण धाग्यातल्या एका गोष्टीवर बोलायचं आहे.

"थेट मिझुरीहून जाऊन आले, मग पुढचा तळ कशाला" हे ऐकायला छान वाटतं. एका रात्रीपुरतं ते खरंही आहे. जाऊन येऊन 37 तास! दोन माणसं, एक छोटी कॉट, रांगेने टँकर. हे महिन्यातून एकदा होईल. रोज करायचं तर? व्हिएतनाम युद्धातला डिसेंबर 1972 बघा. हनोईवर अकरा दिवस बी-52 गेली. ग्वामवरून जाऊन यायला बारा तासांच्या वर, हवेत इंधन घ्यावं लागायचं. थायलंडमधल्या उ-तापाओवरून तेच काम चार तासांच्या आत. म्हणजे उ-तापाओचं विमान परत येऊन, इंधन-बॉम्ब भरून पुन्हा निघू शकतं तोवर ग्वामचं अजून समुद्रावरच असतं. 1991ला इराकवर आणि 2001ला अफगाणिस्तानवर दिएगो गार्सियाहून बॉम्बर उडत होते ते याच हिशोबाने. अंतर कमी म्हणजे फेऱ्या जास्त. समोरचाही हा हिशोब करतो. त्यामुळे रात्रपाळी म्हणतात तसं ते नुसतं बोलणं नाही. सहा बी-2 दिएगो गार्सियावर दिसली की इराणच्या सेनाधिकाऱ्याला एक हल्ला दिसत नाही, ओळीने पंधरा रात्री दिसतात.

रात्रपाळी

फेऱ्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याच डिसेंबर 1972मध्ये पंधरा बी-52 पडली हेही लिहा. बॉम्बर महाग असतो, तो पडला की धाकही त्याच्याबरोबर पडतो.

आणि 2025मध्ये इराणला पंधरा रात्री दिसल्या असतील तर त्यांनी बोलण्यात माघार घ्यायला हवी होती. घेतली नाही. शेवटी बॉम्ब टाकावेच लागले. जो धाक वापरावा लागतो तो धाक फसलेला असतो.

मिझुरीकर

तसं म्हटलं तर यशस्वी धाक कधी सिद्धच होत नाही. जे घडलं नाही ते कशामुळे घडलं नाही हे कसं दाखवणार?

शेवंती

सगळे नकाशावर पिना टोचताय म्हणून जरा जमिनीवरचं लिहिते.

दिएगो गार्सिया हे "हिंदी महासागरातलं एक बेट" तसं आपोआप रिकामं नव्हतं. 1965ला ब्रिटनने मॉरिशसपासून चागोस (दिएगो गार्सिया ज्यात आहे तो बेटसमूह) तोडून वेगळी वसाहत केली, 1966ला अमेरिकेशी करार केला, आणि 1968 ते 1973 या काळात तिथल्या सगळ्या रहिवाशांना हाकलून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडलं. बहुतेक लोक नारळाच्या मळ्यांवर पिढ्यानपिढ्या काम करणारे. त्यांची पाळलेली कुत्री कोंडून विषारी धुराने मारली. मॉरिशसमध्ये आपली मराठी वस्ती दीडशेहून जास्त वर्षं आहे, तिथल्या ओळखीच्या लोकांकडून पोर्ट लुईच्या कडेला रोश ब्वामधल्या चागोसवाल्यांचे हाल ऐकलेत. ऊसमळ्यांच्या देशात नारळ सोलण्याचं कौशल्य घेऊन उतरलेली माणसं. 2019ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनचा ताबा बेकायदा ठरवणारं मत दिलं. 22 मे 2025ला ब्रिटनने बेटं मॉरिशसला द्यायच्या करारावर सही केली, पण तळ मात्र 99 वर्षांच्या भाड्याने स्वतःकडे. करारानुसार चागोसवाल्यांना इतर बेटांवर जाता येईल, दिएगो गार्सियावर राहायला नाही.

ग्वामचंही तेच. लोक 1950पासून अमेरिकेचे नागरिक, पण राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. ऑगस्ट 2017मध्ये उत्तर कोरियाने ग्वामपासून 30-40 किलोमीटरवर समुद्रात चार क्षेपणास्त्रं टाकायची योजना जाहीर केली, कारण काय, तर तिथून उडणारी बी-1. धाक वॉशिंग्टनचा, पण क्षेपणास्त्राची वाट बघत बसायचं ग्वामच्या माणसाने.

खवट खोबरं

शेवंतीताई +१. "पुढचा तळ" म्हणतात ते कोणाच्या तरी घराचं अंगण असतं, हे विसरूनच जातो आपण.

गडबडगुंडा

हे सगळं ठीक, पण अमेरिकेने 1971ला आपल्यावर एंटरप्राइझ ही विमानवाहू नौका पाठवली होती तेव्हा आपण काय घाबरलो का? मग इराण तरी का घाबरेल? आणि पाकिस्तानला

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्यावरचे सात प्रतिसाद काढले आहेत. धाग्याच्या विषयावर राहावं ही विनंती.

रात्रपाळी

शेवंतीताईंनी 2017चं काढलं ते बरं झालं. त्यातली पुढची पायरी फार कमी लोकांच्या लक्षात आहे. 23 सप्टेंबर 2017ला ग्वामहून गेलेली बी-1 उत्तर कोरियाच्या पूर्व किनाऱ्याजवळून, आंतरराष्ट्रीय हद्दीतच, पण दोन कोरियांमधल्या सीमेच्या बरीच उत्तरेला गेली. दोन दिवसांनी उत्तर कोरियाचे परराष्ट्रमंत्री री योंग हो न्यूयॉर्कमध्ये म्हणाले, आमच्या हद्दीत नसलं तरी अमेरिकी बॉम्बर पाडायचा आम्हाला हक्क आहे. म्हणजे धाक दाखवता दाखवता एखाद्या घाबरलेल्या रडारवाल्याच्या बोटावर सगळं येऊन ठेपतं.

उलट उदाहरण नोव्हेंबर 2013चं. चीनने पूर्व चीन समुद्रावर हवाई ओळख क्षेत्र जाहीर केलं, इथून जाताना आम्हाला कळवा म्हणून. दोन-तीन दिवसांत ग्वामहून दोन बी-52 न कळवता त्यातून गेली, बिनशस्त्र. चीनने "आम्ही पाहिलं" एवढंच म्हटलं. कोणी पाडलं नाही, कोणी ओरडलं नाही. पण क्षेत्र आजही आहे तसंच आहे. आता याला यश म्हणायचं की अपयश?

मिझुरीकर

नियम मोडून दाखवला आणि काही झालं नाही, हे यशच. नियम रद्द करायला बी-52 गेलीच नव्हती.

वास्कोचो बाब

मी गोव्यात दाबोळी विमानतळाच्या आवाजात वाढलेला माणूस, त्यामुळे दोन पैसे माझेही.

आमच्याकडे 1988ला नौदलाची टीयू-142 आली होती, रशियाच्या टीयू-95 बॉम्बरची समुद्री बहीण. काम पाणबुड्या शोधायचं. पण ती तिथल्या हन्सा या नौदल तळावरून उठायची तेव्हा घरातली भांडी बोलायची. एकेका इंजिनावर उलटसुलट फिरणारे दोन-दोन पंखे, अशी चार इंजिनं. नंतर ती अरक्कोणमला गेली आणि 2017ला निवृत्त झाली. बरीच वर्षं हिंदी महासागरात लांबवर कोणाला डोळा दाखवायचा तर आपल्याकडे तीच होती. बॉम्बर नसूनही तिचा दबदबा होता, कारण ती दिसायची आणि ऐकूही यायची.

दुसरी गोष्ट धावपट्टीची. सगळे म्हणतात चीनची लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं ग्वामची धावपट्टी उखडतील. 18 डिसेंबर 1961ला पुण्याहून आपली बारा कॅनबेरा बॉम्बर दाबोळीवर आली आणि काही मिनिटांत 63 हजार पौंड बॉम्ब धावपट्टीवर ओतून गेली. त्यानंतर आणखी आठ आली. त्याच रात्री पोर्तुगीजांनी खड्डे बुजवून दोन प्रवासी विमानं अंधारात उडवून कराचीला पळवली! म्हाताऱ्या मंडळींकडून ही गोष्ट ऐकत मोठा झालो. तेव्हा फावडी आणि मजूर होते, आज तर झटपट सुकणारं काँक्रीट असतं. धावपट्टी मारणं वाटतं तितकं सोपं काम नव्हे.

रात्रपाळी

वा बाब! हा दाबोळीचा दाखला भारी आहे.

पण धावपट्टी बुजते, उभं विमान बुजत नाही. 1 जून 2025 आठवा. युक्रेनने ट्रकमधल्या लाकडी खोपट्यांच्या छतातून 117 ड्रोन सोडली. त्यातली काही सैबेरियात बेलाया या रशियन हवाई तळावर गेली, सीमेपासून चार हजारांहून जास्त किलोमीटर आत! मुर्मान्स्कजवळच्या ओलेन्यावरही. युक्रेन फटका बसलेल्या 41 विमानांचा आकडा सांगतं, अमेरिकी अंदाज त्याच्या निम्म्याच्या आसपास. आकडा सोडा. ती टीयू-95 उघड्यावर उभी होती, आणि रशियात तिचा कारखाना 1990च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झालाय. एक गेलं की एक कमी, कायमचं.

हीच गोष्ट बी-2ची. बनवलीच 21. त्यातलं एक तर शत्रूशिवायच गेलं, तेही ग्वामवर. 23 फेब्रुवारी 2008. पुढचा तळ म्हणजे काय ते समजून घ्यायचं तर हा अपघात वाचावा. हवेचा दाब मोजून वेग आणि कोन सांगणारे 24 संवेदक विमानाच्या अंगात असतात. ग्वामच्या दमट हवेत तिघांत ओल शिरली. निघायच्या आधी तपासणी करताना त्या ओलीसकट आकडे "बरोबर" करून घेतले गेले. मग उड्डाणाआधी हीटर लावल्यावर ओल उडाली आणि ते बरोबर केलेले आकडे चुकीचे झाले. संगणकाला वाटलं वेग पुरेसा आहे, नाक खाली आहे. त्याने नाक जोरात वर उचललं, विमान थबकलं, डाव्या पंखावर पडलं. दोघे वैमानिक बाहेर फेकले गेले म्हणून वाचले, विमान गेलं. किंमत 1.4 अब्ज डॉलर. हीटर आधी लावून ओल घालवायची ही युक्ती आधीच्या एका तुकडीतल्या लोकांना सापडली होती, पण ती नियमपुस्तकात आलीच नाही, तोंडीच राहिली.

मिझुरीच्या कोरड्या, वातानुकूलित हँगरातलं यंत्र तुम्ही पॅसिफिकच्या घामट हवेत नेता तेव्हा धाक दाखवण्याआधी ओलीशी झगडावं लागतं.

खवट खोबरं

कोकणातल्या माणसाला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं, पावसाळ्यात काय काय ओलं होतं ते.

निवांत नाना

अवांतर: ग्वामवर एक तपकिरी साप आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतून आलेला. त्याने तिथले जंगली पक्षी जवळजवळ संपवले. तो विजेच्या तारांवर चढून वीज घालवतो. 2013ला अँडरसन तळावर हेलिकॉप्टरमधून वेदनाशामक गोळी भरलेले मेलेले उंदीर टाकले होते, त्यांना पुठ्ठ्याची छोटी छत्री बांधून. म्हणजे बॉम्बरांच्या तळावर उंदरांचा बॉम्बवर्षाव! हे मी बनवलेलं नाही.

शेवंती

नाना 😀

गडबडगुंडा

ठीक आहे, विषयावर बोलतो. आपल्याला असा बॉम्बर हवा की नको? मध्ये रशियाचा लांब पल्ल्याचा टीयू-160 बॉम्बर घेण्याच्या गप्पा वाचल्या होत्या. चीनने तर मे 2018लाच दक्षिण चीन समुद्रातल्या पॅरासेलच्या वुडी बेटावर एच-6 बॉम्बर उतरवून दाखवलं. जुलै 2024ला रशियाबरोबर अलास्कापर्यंत जाऊन आले. आपण काय फक्त बघायचं? अमेरिकेची बी-1 बंगळूरच्या विमानप्रदर्शनात 2021ला आली तर आपली माणसं तिच्याबरोबर सेल्फी काढत बसली.

रात्रपाळी

रास्त प्रश्न. माझं मत: नको.

एक तर आपल्या दोन्ही शेजाऱ्यांपर्यंत पोचायला बारा हजार किलोमीटर पल्ला लागतच नाही. दुसरं, बॉम्बर म्हणजे नुसतं विमान नव्हे. त्याच्याबरोबर टँकर हवेत, आणि आपल्याकडे आयएल-78 आहेत सहा. आपण जे केलंय ते वेगळं आहे आणि माझ्या मते शहाणपणाचं. जानेवारी 2020ला तंजावरला सुखोईची 222 क्रमांकाची तुकडी उभी केली. विमानाच्या पोटाखाली एक ब्रह्मोस, अडीच टनांचं. दक्षिणेत उभी केलेली ही तुकडी म्हणजे आपल्या पद्धतीची पुढची तैनातीच आहे. फरक एवढाच की ती आपल्याच जमिनीवर आहे, कोणाला बेटावरून हाकलावं लागलं नाही. दिएगो गार्सिया कन्याकुमारीपासून साधारण 1,800 किलोमीटर. तिथे कोण येतं-जातं यावर नजर ठेवणं आपल्याला भागच आहे, पण त्यासाठी टीयू-160 कशाला?

वास्कोचो बाब

सहमत. त्यापेक्षा टँकर घ्या. टँकर कोणी सेल्फीत घेत नाही, पण पल्ला तोच देतो.

मिझुरीकर

धागा छान रंगलाय. माझ्याकडून दोन गोष्टी, मग रात्रपाळींसाठी एक प्रश्न.

"अचानक उगवणं" हे धोरणही आता अचानक राहिलेलं नाही. इंग्लंडमधलं फेअरफोर्ड, नॉर्वेतलं ऑरलंड 2021पासून, एप्रिल 2025मध्ये जपानचं मिसावा, ऑस्ट्रेलियात टिंडलला सहा बी-52 उभी राहतील असा तळ वाढवायचं काम. तळ बदलतात, तऱ्हा तीच राहते. दर वेळी छायाचित्रांसकट पत्रक निघतं. लपून येतो म्हणायचं आणि येताना वाजंत्री लावायची.

दुसरं, 1969चं कोणी काढलं नाही. ऑक्टोबर 1969मध्ये निक्सनने अठरा बी-52 अणुबॉम्बसकट अलास्काच्या बाजूने रशियाकडे तोंड करून फिरवली. कल्पना अशी, की निक्सन वेडा आहे असं मॉस्कोला वाटावं आणि त्यांनी हनोईवर दबाव आणावा. हे सगळं इतकं गुप्त की अमेरिकी जनतेलाही पत्ता नव्हता, फक्त रशियन रडारला दिसावं. व्हिएतनाममध्ये काडीचाही फरक पडला नाही.

आता प्रश्न. अमेरिकेच्या नव्या बी-21 बॉम्बरने नोव्हेंबर 2023ला पहिलं उड्डाण केलं, निदान शंभर बनवायचा बेत आहे. तुमच्या "दाखवायची वेगळी, मारायची वेगळी" या हिशोबात ते कुठल्या बाजूला बसतं?

रात्रपाळी

त्याचे मुख्य तळ जाहीर झालेत ते तिन्ही अमेरिकेतच: एल्सवर्थ, व्हाइटमन आणि डायस. एकही परदेशी नाही. ग्वाम आणि दिएगो गार्सियाला ते पाहुणं म्हणून जाईलच, पण मला वाटतं मिरवायचं काम बी-52कडेच राहील. 1962ला शेवटचं बनलेलं ते विमान, नवी इंजिनं घालून 2050पर्यंत चालवणार आहेत. त्यातलं एखादं पडलं-मोडलं तरी कोणी रडणार नाही, आणि फोटोत ते बी-2पेक्षा जास्त भीतिदायक दिसतं. आठ इंजिनांचा काळा धूर सोडत येतं ना.

निवांत नाना

वाचनखूण साठवली. रात्रपाळी, हनोईच्या अकरा दिवसांवर वेगळा धागा काढा.